जावा: व्याख्या पाठ आहेत, पण दूध डेअरीच्या वहीचा प्रोग्राम जमत नाही

प्रवरेकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या या चारही कल्पनांच्या व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. पण रिकामी फाईल समोर आली की पहिला क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा) कशाचा करायचा हेच सुचत नाही. पुस्तकात सगळीकडे प्राणी, कुत्रा, मांजर. कुत्रा भुंकला, मांजर म्यांव म्हणाली, हे स्क्रीनवर छापून झालं की पुढे काय करायचं?

म्हणून घरचंच काम घेतलं. गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, लिटर आणि फॅट-एसएनएफ (दुधातलं स्निग्ध आणि ते सोडून बाकीचे घन घटक) बघून दर लागतो, दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्यातून पशुखाद्याची उचल कापली जाते. वडील हे सगळं वहीत ठेवतात. तेवढंच जावात करायचं आहे.

'सभासद' हा क्लास केला. त्यात कोड, नाव आणि नोंदींची लिस्ट. मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेथड (क्लासमधलं कामाचं फंक्शन), तीही त्याच क्लासमध्ये आहे. मेनमधून नाव वापरायला गेलो तर 'नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल स्टॅटिक कॉन्टेक्स्टमधून वापरता येत नाही' अशी एरर आली. नेटवर वाचून सगळ्या फील्डांपुढे (क्लासमधल्या माहितीच्या जागांपुढे) स्टॅटिक लावलं. एरर गेली, पण तीन सभासद भरून यादी छापली तर तिघांचंही नाव शेवटच्या सभासदाचं येतं.

दुसरं म्हणजे, कोडवरून सभासद शोधतो तेव्हा प्रोग्राममध्येच 'अ-१२' लिहून तुलना केली तर तो सापडतो. तोच कोड कीबोर्डवरून टाइप केला तर सापडत नाही. आणि तिसरं, १.१ आणि २.२ लिटरची बेरीज ३.३००००००००००००००३ छापली जाते. वडिलांना हे दाखवायची सोय नाही.

फोनवरून लिहितोय, त्यामुळे कोड चिकटवता येत नाही. तोंडी सांगितलंय ते पुरेसं आहे का बघा.

---

खडूफळा

प्रवरेकाठ, 'तू' म्हणतो, चालेल ना? विषय फार चांगला निवडलास. वहीतले नियम खरे आहेत आणि तुझं उत्तर बरोबर की चूक हे वहीशी ताडून बघता येतं. कुत्रा-मांजराच्या उदाहरणात चुकायलाच जागा नसते, त्यामुळे त्यातून हाताला काही लागत नाही. मी कॉलेजात जावा शिकवतो आणि ती उदाहरणं पहिल्या महिन्यात मुलांसमोर आणतच नाही.

आधी स्टॅटिकचं बघू. क्लासमध्ये 'नाव' हे साधं फील्ड लिहिलं की प्रत्येक ऑब्जेक्टला (साच्यातून बनलेल्या वस्तूला) स्वतःचं नाव मिळतं. त्यापुढे स्टॅटिक आलं की ते नाव ऑब्जेक्टचं राहत नाही, क्लासचं होतं. क्लास एकच, म्हणून नावही एकच. तू तिसऱ्यांदा न्यू केलंस, म्हणजे नवं ऑब्जेक्ट बनवलंस, तेव्हा कन्स्ट्रक्टरने (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडने) त्याच एका जागेवर तिसरं नाव लिहिलं आणि आधीचं पुसलं गेलं. सभासद तीनच तयार झाले होते, पण त्यांच्यापाशी स्वतःचं असं काही उरलं नव्हतं.

कंपायलरचं (कोड तपासून चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामचं) म्हणणं निराळं होतं. मेन स्टॅटिक आहे, म्हणजे ती सुरू होते तेव्हा एकही सभासद जन्मलेला नसतो. तिथे नुसतं 'नाव' म्हटलंस की कंपायलर विचारणार, कोणाचं नाव? याचं उत्तर द्यायचं सोडून स्टॅटिक लावलं की प्रश्न दाबला जातो. ही सवय शेकडो मुलांना लागते आणि मग ऑब्जेक्ट म्हणजे काय हे कधी कळतच नाही, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

आता असं कर. सगळे स्टॅटिक काढ. मेन वेगळ्या फाईलमध्ये, 'केंद्र' नावाच्या क्लासमध्ये ने. तिथे आधी न्यू करून सभासद बनव, तो एका व्हेरिएबलमध्ये धर आणि मग त्याच्याकडे नाव माग. जमलं तर ब्लूजे हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे, ते शिकणाऱ्यांसाठीच बनवलं आहे. त्यात मेन न लिहिताच क्लासवर उजवी क्लिक करून ऑब्जेक्ट बनवता येतात. ते खाली लाल चौकटींत दिसतात आणि प्रत्येकाच्या आत कोणती किंमत आहे ती उघडून बघता येते. तीन सभासद, तीन चौकटी, आत तीन वेगळी नावं हे डोळ्यांनी बघितलं की स्टॅटिकचा गोंधळ पुन्हा होत नाही.

(जावा २५ पासून मेन स्टॅटिक नसली तरी चालते. पण तुमच्या लॅबमध्ये बहुधा जुनी आवृत्ती असेल, त्यामुळे त्यावर विसंबू नकोस.)

कोड सापडत नाही, कारण तू तुलना == ने करतोयस. ऑब्जेक्टांच्या बाबतीत == विचारतं, ही दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का? प्रोग्राममध्ये लिहिलेले सारखे स्ट्रिंग (अक्षरांचे तुकडे) जावा एकदाच साठवते, म्हणून तिथे उत्तर योगायोगाने 'हो' येतं. कीबोर्डवरून आलेली स्ट्रिंग नवीन ऑब्जेक्ट असते. अक्षरं तीच, ऑब्जेक्ट वेगळं, म्हणून 'नाही'. इक्वल्स मेथड वापर, ती अक्षरं बघते. त्याआधी ट्रिम करून मागचीपुढची मोकळी जागा काढून टाक.

---

मुळामुठा

सरांशी पूर्ण सहमत. तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, रोजचं कामच पैशांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं आहे.

डबल हा दशांशी आकड्यांचा प्रकार आकडे बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) ठेवतो आणि १.१ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही, जसा १ भागिले ३ दशांशात नेमका लिहिता येत नाही. त्यात जावाचा दोष नाही. पायथन, जावास्क्रिप्टमध्येही हेच येईल. छापताना दोन दशांश दाखवून ते झाकता येतं, पण हिशेबात झाकलेली चूक कधीतरी पैशाचा फरक पाडते आणि मग वही जुळत नाही.

पैसे पूर्णांकात ठेव, रुपयांऐवजी पैशांत. दूध मिलिलिटरमध्ये. ४.७ लिटर म्हणजे ४७०० आणि ३५.५० रुपये दर म्हणजे ३५५० पैसे. गुणाकार १,६६,८५,०००, त्याला १००० ने भाग, १६,६८५ पैसे म्हणजे १६६.८५ रुपये. अर्ध्या पैशाचं काय करायचं, वर न्यायचा की सोडायचा, ते वडिलांना विचार. तो नियम त्यांचा आहे, जावाचा नाही. न सांगता सोडलंस तर पूर्णांकांचा भागाकार शिल्लक टाकूनच देतो: ७ भागिले २ बरोबर ३.

आणि पूर्णांकासाठी सगळीकडे इंट हा प्रकार न घेता त्याहून मोठा लाँग घे. इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडा मावतो. एका सभासदाच्या दुधाला तो पुरतो, म्हणून चाचणीत काही दिसणार नाही. पण ज्या दिवशी पूर्ण केंद्राचे ७०० लिटर एकदम मोजशील त्या दिवशी ७,००,००० गुणिले ३५५० हा गुणाकार मर्यादेच्या पलीकडे जातो आणि २४,८५० रुपयांऐवजी उणे १८,०९९.६७ रुपये येतात. एररही येत नाही. अजून एक खाच: उत्तर लाँगमध्ये ठेवलं पण गुणायचे दोन्ही आकडे इंट असतील, तर गुणाकार इंटमध्येच होतो आणि बिघडलेलं उत्तर लाँगमध्ये जातं. हा सराव मुद्दाम करून बघ: आधी इंटने, मग उत्तर फक्त लाँगमध्ये ठेवून, मग मॅथ क्लासमधली मल्टिप्लायएक्झॅक्ट मेथड वापरून. ती मर्यादा ओलांडली की एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक सांगून काम थांबवते.

---

प्रवरेकाठ

सर, ताई, खूप आभार. स्टॅटिक काढले, मेन वेगळी केली, तीन नावं नीट आली. उणे १८,०९९.६७ पण स्वतः करून बघितलं!

मूळ प्रश्न मात्र राहिलाच आहे. क्लास कशाचा करायचा हे ठरवायचं कसं? पुस्तक म्हणतं की वर्णनातली नामं शोधा, ती क्लास होतील. आमच्या वर्णनात नामं कितीतरी आहेत: सभासद, दूध, लिटर, फॅट, कॅन, वही, पेंड, दर, बिल. सगळ्यांचे क्लास करायचे का?

---

खडूफळा

नामं शोधणं ही सुरुवात आहे, तिथेच थांबलं की कॅनचाही क्लास होतो. मी मुलांना दुसरा प्रश्न विचारायला सांगतो: या वहीत काय चुकीचं लिहिलं जाता कामा नये? ज्या गोष्टीला सांभाळायला एखादा नियम आहे तिचा क्लास होतो, आणि तो नियम त्याच क्लासच्या आत राहतो.

वडिलांशेजारी बसून विचार. ते सांगतील, एका सभासदाची एका वेळची एका प्रकारच्या दुधाची नोंद दोनदा होता कामा नये. फॅट ३.५ ऐवजी ३५ लिहिलं जाता कामा नये. महिन्याच्या मध्ये दर बदलला तर आधीच्या दिवसांच्या दुधाला जुनाच दर लागला पाहिजे. उचल बिलापेक्षा जास्त असेल तर उरलेली पुढच्या बिलावर गेली पाहिजे. कॅनबद्दल ते काहीच सांगणार नाहीत, म्हणून कॅनचा क्लास नको. लिटर हा नुसता आकडा आहे, तो नोंदीचं फील्ड होईल.

'नोंद' हा क्लास सर्वात आधी लिही, सभासदाच्याही आधी. तारीख, सकाळ की संध्याकाळ, दुधाचा प्रकार, मिलिलिटर, फॅट, एसएनएफ आणि दर. सगळी फील्डं प्रायव्हेट (क्लासबाहेरून न दिसणारी) आणि फायनल (एकदाच भरता येणारी). सेटर, म्हणजे फील्डची किंमत बदलणारी मेथड, एकही नाही. कन्स्ट्रक्टरमध्येच तपासणी: दूध शून्य किंवा उणे असेल, फॅट तुमच्या केंद्रावर कधीच लागत नाही इतकं असेल, तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन फेक आणि ऑब्जेक्ट बनूच देऊ नकोस. मग पुढच्या सगळ्या कोडला एक खात्री मिळते की हातात नोंद आहे म्हणजे ती योग्यच आहे. एन्कॅप्सुलेशनच्या व्याख्येत 'डेटा आणि मेथड एकत्र बांधणे' एवढंच लिहिलेलं असतं. ते बांधायचं कशासाठी, तर या खात्रीसाठी. फील्ड प्रायव्हेट करून खाली प्रत्येकाला गेटर (किंमत वाचून देणारी मेथड) आणि सेटर लिहून दिला तर दार लावून किल्ली बाहेर टांगल्यासारखं होतं, आणि परीक्षेत मात्र त्याचेच गुण मिळतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दर नोंदीच्या आत का ठेवायचा याकडे नीट लक्ष दे. मुलं बिल काढताना 'आजचा दर' विचारून सगळ्या लिटरला गुणतात. मग दर बदलला की मागची बिलंही बदलतात. नोंद झाली त्या वेळी लागलेला दर नोंदीतच गोठला पाहिजे. वडील वहीत रोजच्या रोज दर लिहितात ना? ते याचसाठी.

सराव म्हणून हे कर: पाच दिवसांच्या नोंदी भर, दरपत्रक बदल, पुढचे पाच दिवस भर आणि बिल काढ. मग वहीतल्या एखाद्या खऱ्या सभासदाच्या बिलाशी पैशापर्यंत जुळवून बघ. जुळलं नाही तर इथे लिही.

---

पुन्हाश्रीगणेशा

धागा वाचतेय, फार उपयोगी चाललाय. मी बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पायथन शिकायला घेतलंय. हेच उदाहरण पायथनमध्ये करून बघितलं. मी स्टॅटिक कुठेच लिहिलं नाही, तरी सगळ्या सभासदांच्या नोंदी एकमेकांत मिसळल्या. गंमत म्हणजे नावं मात्र ज्याची त्यालाच राहिली. असं अर्धंमुर्धं कसं?

---

मुळामुठा

श्रीगणेशाताई, तुम्ही रिकामी लिस्ट क्लासच्या अंगात, इनिट मेथडच्या (पायथनच्या कन्स्ट्रक्टरच्या) बाहेर लिहिली असणार. पायथनमध्ये तिथे लिहिलेलं सगळं क्लासचं असतं, स्टॅटिक हा शब्द न लिहिताही. नाव देताना तुम्ही 'सेल्फ डॉट नाव बरोबर अमुक' असं लिहिता, त्या क्षणी त्या ऑब्जेक्टवर नवीन नाव तयार होतं आणि क्लासवरचं झाकलं जातं. लिस्टला मात्र तुम्ही नवीन किंमत दिली नाही, अपेंड केलं. अपेंड आहे त्याच लिस्टमध्ये भर घालतं, आणि ती लिस्ट सगळ्यांची एकच आहे. लिस्ट इनिटच्या आत सेल्फवर तयार करा, प्रश्न सुटेल.

याचं भावंडही सांगून ठेवते. इनिटच्या पॅरामीटरमध्ये 'नोंदी बरोबर रिकामी लिस्ट' असा डिफॉल्ट देऊ नका. तो डिफॉल्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनतो, दर वेळी नव्याने नाही. तिथे नन (None, म्हणजे 'काहीच नाही') द्या आणि आत तपासून नवीन लिस्ट बनवा.

आणि पायथन ३ मध्ये क्लासची, व्हेरिएबलची नावं देवनागरीतही देता येतात, जावातही. मूळ शब्द इंग्रजीच राहतात, पण 'नोंद', 'उचल', 'सभासद' ही नावं चालतात. सराव करताना विचार मराठीत चालू राहतो, याचा मला सुरुवातीला फायदा झाला होता.

---

फ्योर्डकाठी

ऑस्लोहून लिहितेय, म्हणून इथली एक गोष्ट. क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या कल्पना पहिल्यांदा याच शहरात, नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये, सिमुला ६७ या भाषेत आल्या. क्रिस्टन न्यूगोर्ड आणि ओले-योहान डाल या दोघांना त्यासाठी २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. भाषेच्या नावातच सिम्युलेशन आहे. रांगेत येणारी माणसं, त्यांना लागणारा वेळ, एकमेकांची वाट बघणं, अशा खऱ्या कामकाजाची नक्कल संगणकात करायची होती. पुढे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये 'सी विथ क्लासेस'वर काम सुरू केलं, ते सिमुलातल्या क्लासची सोय सीच्या वेगात हवी म्हणून. त्याचंच पुढे सी प्लस प्लस झालं.

सकाळी केंद्रावर कॅन घेऊन उभी असलेली रांग हे सिमुलाच्या जनकांना अगदी जवळचं वाटेल असं उदाहरण आहे. प्रवरेकाठ, योग्य वाटेवर आहात.

---

प्रवरेकाठ

बिल जुळलं! एका सभासदाचं पैशापर्यंत बरोबर आलं. वडिलांनी चष्मा लावून दोनदा तपासलं.

आता पुढचं. गायीच्या दुधाचं दरपत्रक ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून असतं, म्हशीचं ६.० आणि ९.० धरून. इनहेरिटन्स वापरायची ही चांगली जागा वाटली. सभासद हा पालक क्लास, त्यातून 'गायसभासद' आणि 'म्हैससभासद' असे दोन. दराची मेथड दोघांत वेगळी. पण एका काकांकडे गायही आहे आणि म्हैसही. त्यांना कुठल्या क्लासमध्ये घालू? 'गायम्हैससभासद' असा तिसरा करू का?

---

खडूफळा

तिसरा करू नकोस. उद्या कोणी शेळीचं दूध आणलं तर सातपर्यंत जाशील.

तुला अडचण दिसली तिथेच उत्तर आहे. गाय किंवा म्हैस हा सभासदाचा गुण नाहीच. तो दुधाचा आहे, म्हणजे नोंदीचा. सभासद कालपर्यंत म्हैस ठेवून होता आणि आज गाय घेऊन आला, तर ऑब्जेक्टला जन्मानंतर आपला क्लास बदलता येत नाही. जी गोष्ट बदलू शकते किंवा दोन्ही एकदम असू शकते, तिथे इनहेरिटन्स लावायचं नाही.

वेगळं काय होतं? दर काढायची रीत. म्हणून 'दरपत्रक' नावाचा इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार) कर, त्यात एकच मेथड: फॅट आणि एसएनएफ द्या, लिटरमागे पैसे सांगतो. 'गायदरपत्रक' आणि 'म्हैसदरपत्रक' हे दोन क्लास तो इंटरफेस पूर्ण करतील. केंद्र नोंद घेताना दुधाच्या प्रकारावरून योग्य दरपत्रक निवडेल, दर विचारेल आणि नोंदीत गोठवेल. पॉलिमॉर्फिझम तो हाच: विचारणाऱ्याला समोर कोणतं दरपत्रक आहे याच्याशी देणंघेणं नाही. काकांच्या एकाच यादीत दोन्ही प्रकारच्या नोंदी सुखाने राहतील.

---

मुळामुठा

सर, इथे थोडी बाजू मांडते. इनहेरिटन्स टाळाच, असा अर्थ मुलांनी घेऊ नये. आमच्याकडे अहवालांचे क्लास आहेत. मथळा, तळटीप, पानांचे आकडे सगळ्यांना सारखे, मधला भाग वेगळा. तिथे एक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पालक क्लास आणि त्याचे वारस, हे अनेक वर्षं उत्तम चाललंय. आणि जी फ्रेमवर्क पुढे वापरायची असतात त्यांत एक्स्टेंड्स (वारस क्लास करायचा जावाचा शब्द) पदोपदी येतं. ते वाचता तरी आलं पाहिजे.

---

खडूफळा

मान्य. तुमच्या उदाहरणात वारस खरोखर पालकाच्या जागी कुठेही चालतो, म्हणून ते टिकलं. माझा आक्षेप क्रमावर आहे. अभ्यासक्रमात इनहेरिटन्स लवकर येतं, आणि मग हातात तेच हत्यार असल्याने जिथे तिथे चालवलं जातं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही हे झालंय. जुना स्टॅक क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासचा वारस आहे. स्टॅकमध्ये वरूनच ठेवायचं आणि वरूनच काढायचं असतं, पण व्हेक्टरच्या मेथड वारशाने आल्यामुळे मधूनही काढता येतं. नियम राखायलाच तर तो क्लास होता. आता जावाच्या अधिकृत दस्तऐवजातही त्याऐवजी डेक (Deque, दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरायची शिफारस आहे.

---

प्रवरेकाठ

इंटरफेस केला, काकांचं बिलही जुळलं. आता चुलतभावाने बिल छापायचा वेगळा क्लास लिहिला. तो सभासदाकडून गेटरने नोंदींची लिस्ट घेतो आणि छापताना फॅटप्रमाणे लावतो. तेव्हापासून माझ्या सभासदातल्या नोंदींचा तारखेचा क्रमच बिघडतोय. लिस्ट तर प्रायव्हेट आहे, सेटरही नाही. मग बाहेरच्या क्लासला ती हलवता कशी आली?

---

मुळामुठा

प्रायव्हेटने फील्डचं नाव लपतं, लिस्ट लपत नाही. गेटरने भावाला लिस्टची प्रत दिली नाही, त्याच लिस्टचा पत्ता दिला. त्याने सॉर्ट केलं ते तुझ्या सभासदाच्या आतल्या लिस्टवरच. उद्या त्याने क्लिअर म्हटलं तर नोंदीच जातील, आणि ॲड म्हटलं तर तुझी 'एका वेळी एकच नोंद' ही तपासणी वगळून नोंद आत शिरेल.

गेटरमध्ये लिस्टच्या कॉपीऑफ मेथडने प्रत करून दे (जावा १० पासून आहे). ती प्रत बदलता येत नाही, त्यामुळे भावाचा सॉर्ट लगेच एक्सेप्शन देईल. मग त्याने त्यातून स्वतःची नवी अ‍ॅरेलिस्ट बनवावी आणि हवी तशी लावावी. प्रत लिस्टचीच होते, आतल्या नोंदी त्याच राहतात. पण सरांनी सांगितल्याप्रमाणे नोंदीला सेटरच नाहीत ना, म्हणून त्या वाटल्या गेल्या तरी धोका नाही. उचलीचा क्लास लिहिशील तेव्हा मात्र थांबून विचार कर: उचलीची बाकी बदलते, त्यामुळे तिथे नुसती लिस्टची प्रत पुरणार नाही.